सॉफ्टवेअर घेण्याआधी: मेडिकल आणि नर्सिंग कॉलेजात डेटाची घडी कशी बसवायची

धाराशिव २०२२, परभणी २०२३, जालना आणि हिंगोली २०२४. मराठवाड्यात एकापाठोपाठ एक चार नवी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली, प्रत्येकी शंभर जागांची. घाटी, म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॉलेज, १९५६ चं, अंबाजोगाई सत्तरच्या दशकातलं, नांदेड आणि लातूर त्यानंतरची. या जुन्या कॉलेजांकडे कपाटं भरून रजिस्टरं आहेत. नव्यांकडे काहीच नाही, आणि या एका बाबतीत काहीच नसणं ही चैन आहे.

अशा कॉलेजात रुजू झालेल्या सहायक प्राध्यापकाला, नर्सिंगच्या सिस्टर ट्यूटरना किंवा विद्यार्थी विभागातल्या लिपिकाला एक दिवस डीन ऑफिसातून निरोप येतो: "तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं ना, मग ते डिजिटलचं तुम्हीच बघा." बहुतेक वेळा त्याच आठवड्यात एखादा विक्रेता लॅपटॉप घेऊन डेमो द्यायला आलेला असतो. हा लेख त्या निरोप मिळालेल्या माणसासाठी आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं: सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी घ्यायचं. आधी प्रत्येक विद्यार्थ्याला, प्रत्येक कॉम्पिटन्सीला (विद्यार्थ्याला यावी अशी अभ्यासक्रमातली ठरलेली क्षमता) आणि प्रत्येक तासाला न बदलणारा क्रमांक द्यायचा, आणि ती सगळी माहिती कधीही बाहेर काढता येईल अशा साध्या स्वरूपात ठेवायची. जगभर यासाठी जी मानकं तयार झाली आहेत, त्यांचा गाभा एवढाच आहे. बाकीचं तपशिलाचं काम, पण त्या तपशिलातच लोक अडकतात.

पायरी १: माहिती कुठे कुठे आहे ते लिहून काढा

एका विद्यार्थ्याची माहिती पहिल्याच सत्रात किती ठिकाणी जाते ते पाहा. नीटचा रोल नंबर, सीईटी सेलचा अर्ज क्रमांक, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडची नोंदणी, महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज, हॉस्टेलचं रजिस्टर, विभागाविभागाचे हजेरीपट, प्रत्येक विभागाची इंटर्नल असेसमेंटची वेगळी एक्सेल फाइल, आणि विद्यार्थ्याच्या बॅगेतलं लॉगबुक, म्हणजे त्याने केलेल्या कृतींची नोंदवही.

एक वही घ्या, विभागांत फिरा आणि प्रत्येक ठिकाणी चार गोष्टी विचारा. कोणती माहिती भरता, कोण भरतं, विद्यार्थी कशावरून ओळखता, आणि ही माहिती पुढे कोणाला द्यावी लागते. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक ठिकाणी "रोल नंबरवरून" असं येईल. खरी अडचण तिथेच आहे, कारण विद्यार्थी मागे राहिला की त्याचा रोल नंबर बदलतो.

पायरी २: क्रमांक, नावं, तारखा

कॉलेजचा स्वतःचा विद्यार्थी क्रमांक ठरवा. प्रवेशाच्या दिवशी द्यायचा, तो शेवटपर्यंत तोच. त्यात फार अर्थ कोंबू नका. प्रवेशाचं वर्ष आणि अनुक्रमांक पुरे. बॅच, विभाग, कोटा हे सगळं वेगळ्या रकान्यांत जाऊ द्या, कारण त्यातलं काही ना काही पुढे बदलतंच. आधार क्रमांक किंवा मोबाइल नंबर ओळख म्हणून वापरू नका. मोबाइल बदलतो, आणि आधार यादीयादीतून फिरवण्याची वस्तू नाही.

बाहेरचे क्रमांक शेजारच्या रकान्यांत ठेवा, पण त्यांची गल्लत होऊ देऊ नका. 'अपार' हा विद्यार्थ्याचा बारा अंकी क्रमांक. शैक्षणिक क्रेडिट बँक आणि डिजिलॉकर त्याला जोडलेले असतात. 'आभा' हा चौदा अंकी, तो आरोग्याच्या नोंदींसाठी. नावं सारखी वाटल्यामुळे फॉर्मवर एकाच्या जागी दुसरा लिहिलेला सर्रास सापडतो. अंक मोजले की कळतं. एचपीआर म्हणजे आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधली आरोग्य व्यावसायिकांची नोंदवही, ती शिक्षकांना लागेल आणि विद्यार्थ्यांना नोंदणी झाल्यावर. नर्सिंगमध्ये इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणी प्रणालीतून नोंदणीकृत परिचारिकेला तिचा वेगळा राष्ट्रीय क्रमांक मिळतो.

हे लांब क्रमांक एक्सेलमध्ये टाकण्याआधी रकान्याचा प्रकार 'टेक्स्ट' करा. नाहीतर बारा अंकी संख्या मधे 'ई' असलेल्या भलत्याच रूपात दिसू लागते, सुरुवातीचा शून्य उडतो, आणि कोणीतरी ती फाइल तशीच सेव्ह करून पुढे पाठवतं.

नावांचं काय करायचं? नीटच्या निकालपत्रावरचं इंग्रजी स्पेलिंग हे अधिकृत धरा. देवनागरी नावासाठी वेगळा रकाना ठेवा आणि ते विद्यार्थ्याकडूनच लिहून घ्या. क्षीरसागर, ज्ञानेश्वर, शृंगारे यांची रोमन स्पेलिंगं चार माणसं चार प्रकारे करतात. आडनाव आधी की शेवटी, हेही एकदाच ठरवा. विद्यापीठाच्या यादीत एक क्रम आणि बँकेच्या खात्यात दुसरा असला की शिष्यवृत्ती अडकते, आणि त्याचे हेलपाटे विद्यार्थ्याला पडतात.

गावांच्या बाबतीत आपल्या भागात एक खास पेच आहे. जुन्या नोंदींत औरंगाबाद आणि उस्मानाबाद, नव्यांत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. त्यात औरंगाबाद हे बिहारमध्येही आहे. बीडचं रोमन स्पेलिंग जनगणनेत एक आणि बाकी ठिकाणी दुसरं. म्हणून जिल्ह्याचं नाव दाखवण्यापुरतं ठेवा आणि जोडणी संकेतांकावर करा. २०११ च्या जनगणनेत नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, तेव्हाचं औरंगाबाद ५१५, बीड ५२३, लातूर ५२४ आणि तेव्हाचं उस्मानाबाद ५२५. नाव बदललं तरी त्या यादीतला संकेतांक तोच राहतो. हे आठ आकडे एका शीटमध्ये टाकून सगळ्या विभागांना वाटा.

तारीख लिहिताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आयएसओ ८६०१ हे मानक हेच सांगतं. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च हा वाद त्यामुळे संपतो आणि यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते.

मराठी मजकूर फक्त युनिकोडमध्ये. ऑफिसात अजूनही जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या फाइली असतात. फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या उघडल्या की अक्षरांच्या जागी चित्रविचित्र चिन्हं दिसतात, आणि त्यांत काही शोधताही येत नाही. सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) सेव्ह करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा. साध्या सीएसव्हीत देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात.

पायरी ३: कॉम्पिटन्सींची यादी पीडीएफमधून बाहेर काढा

हे काम सगळ्यात वेळखाऊ आहे, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडतं.

२०१९ च्या बॅचपासून एमबीबीएसला क्षमताधारित अभ्यासक्रम लागू झाला. त्याचे तीन खंड मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने २०१८ मध्ये काढले. २०२० च्या सप्टेंबरमध्ये कौन्सिलची जागा राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने घेतली, पण यादीची रचना तीच राहिली. प्रत्येक कॉम्पिटन्सीला विषयाची दोन अक्षरं आणि एक क्रमांक आहे. उदाहरणार्थ २०१८ च्या खंडातली पीवाय ५.१२ ही फिजिऑलॉजीतली: विश्रांतीत, व्यायामानंतर आणि वेगवेगळ्या स्थितीत रक्तदाब आणि नाडी मोजणे. तिच्यापुढे क्षेत्र, पातळी, ती अनिवार्य आहे की नाही, कशी शिकवायची, कशी तपासायची, कोणत्या विषयांशी जोडायची असे रकाने आहेत. पातळ्या चार: माहीत आहे, कसं करायचं ते माहीत आहे, करून दाखवतो, स्वतंत्रपणे करतो. म्हणजे हा तक्ता जन्मतः डेटाच आहे. फक्त पीडीएफमध्ये छापलेला आहे.

तो स्प्रेडशीटमध्ये आणा. एका ओळीत एकच कॉम्पिटन्सी. एका चौकोनात दोन गोष्टी नकोत. जोडलेले विषय तीन असतील तर त्यांच्यासाठी दुसरं शीट करा. चौकोन मर्ज करू नका, रंगाने अर्थ सांगू नका. "पिवळे म्हणजे झालेले" हे फक्त रंगवणाऱ्यालाच कळतं.

इथे एक सापळा आहे. विषयाची अक्षरं एका रकान्यात आणि क्रमांक दुसऱ्यात असे तोडले, तर ५.१० चं एक्सेल ५.१ करून टाकतं, आणि दोन वेगळ्या कॉम्पिटन्सी एक होतात. कोड अखंड ठेवा.

त्याहून महत्त्वाचा रकाना म्हणजे आवृत्ती. २०२४ च्या ऑगस्टअखेर आयोगाने सुधारित मार्गदर्शक तत्त्वं काढली, टीका झाल्यावर काही दिवसांत मागे घेतली, आणि सप्टेंबरमध्येच दुरुस्त करून पुन्हा दिली. नुसतं 'पीवाय ५.१२' एवढं लिहिलेल्या कॉलेजाला पुढे कळणार नाही की तो क्रमांक कोणत्या यादीतला. म्हणून ओळख पूर्ण लिहा: संस्था, वर्ष, कोड. जुनी यादी पुसून तिच्यावर नवी चढवू नका; दोन्ही ठेवा आणि जुना कोड कोणत्या नव्याशी जुळतो त्याचा तिसरा तक्ता करा. २०२२ च्या बॅचचा विद्यार्थी जुन्या यादीवर शिकतोय आणि २०२४ चा नव्या, हे काही वर्षं एकाच वेळी चालणार आहे.

जगात हाच प्रश्न मेडबिक्विटस या वैद्यकीय शिक्षणाच्या डेटाची मानकं बनवणाऱ्या उपक्रमाने सोडवला. २००१ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये हे काम सुरू झालं, आता ते तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या संघटनेकडे आहे. त्यांच्या कॉम्पिटन्सी फ्रेमवर्क मानकात प्रत्येक क्षमतेला जगात एकमेव अशी ओळख, आवृत्ती, आणि दुसऱ्या क्षमतेशी नातं असतं: ही तिच्याहून व्यापक, ही तिचा भाग, ही तिच्याशी संबंधित. ते सगळं एक्सएमएल या संगणकी स्वरूपात लिहायची आज तुम्हाला गरज नाही. पण तुमच्या शीटमध्ये हे तीन रकाने असतील तर पुढे ते एखाद्या प्रोग्रामरचं किरकोळ काम उरतं.

नर्सिंगवाल्यांनी हेच २०२१ च्या सेमिस्टर अभ्यासक्रमावर करावं. तिथे क्रेडिट आणि तास आहेत, शिवाय क्लिनिकल पोस्टिंगमध्ये करायच्या कृतींच्या याद्या आहेत. त्या याद्यांना सुटसुटीत कोड नसतील तिथे स्वतः द्या, पण त्यापुढे कॉलेजचं नाव लावा, म्हणजे ते नर्सिंग कौन्सिलचे समजले जाणार नाहीत.

पायरी ४: टाइमटेबल आणि कॉम्पिटन्सी जोडा

आता टाइमटेबल. प्रत्येक तास ही एक ओळ: क्रमांक, तारीख, कालावधी, विभाग, पद्धत, आणि त्या तासात कोणत्या कॉम्पिटन्सी शिकवल्या. एका तासात तीन असतील तर जोडतक्त्यात, म्हणजे तास आणि कॉम्पिटन्सी यांच्या जोड्या लिहिलेल्या वेगळ्या शीटमध्ये, तीन ओळी. मेडबिक्विटसच्या करिक्युलम इन्व्हेंटरी या मानकाचा सांगाडा असाच आहे: घटना, अपेक्षा, त्यांचा क्रम, आणि कोणती घटना कोणत्या अपेक्षेसाठी.

हे कशासाठी, असं विभागप्रमुख विचारतील. त्यांना सर्पदंशाचं उदाहरण द्या.

पावसाळा लागला की आपल्याकडच्या कॅज्युअल्टीत सर्पदंशाचे रुग्ण वाढतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसे ही नावं गावातल्या पोरालाही पाठ असतात. अभ्यासक्रमात मात्र हा विषय विखुरलेला आहे. २०१८ च्या खंडात आयएम २०.१ मध्ये मेडिसिनवाले स्थानिक विषारी साप आणि त्यांच्या खुणा शिकवतात; एफएम ११.१ मध्ये न्यायवैद्यकवाले साप, विंचू, मधमाशी यांच्या विषाची लक्षणं घेतात. प्रतिविषाचं औषधशास्त्र तिसरीकडे, आणि गावात काय सांगायचं ते कम्युनिटी मेडिसिनकडे. जोडतक्ता केला की फिल्टर लावून दिसतं कोण काय घेतंय. तीन विभाग चार सापांची तीच यादी पुन्हा पुन्हा सांगताहेत आणि वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी काचेच्या नळीत प्रत्यक्ष करून दाखवणं कोणाच्याच टाइमटेबलात नाही, असंही निघू शकतं. हे तक्त्याशिवाय कळायला मार्ग नाही, कारण प्रत्येक विभागाला वाटतं दुसरा घेत असेल.

फिल्टर चालण्यासाठी विषयाचा शब्द एकच हवा. एकाने 'सर्पदंश' लिहिलं, दुसऱ्याने 'स्नेक बाइट', तिसऱ्याने 'साप चावणे', की शोध फसला. म्हणून ठरलेली शब्दयादी करा आणि ड्रॉपडाउनमधूनच निवडू द्या. शब्दापुढे जागतिक कोड लावला तर आणखी बरं. आयसीडी-१० या आजारांच्या जागतिक संकेतसूचीत सर्पविषबाधेसाठी टी ६३.० आहे. हाच कोड रुग्णालयाचा मेडिकल रेकॉर्ड विभागही वापरत असेल, तर रुग्ण कोणत्या महिन्यांत जास्त येतात ते तिथून काढा आणि तो तास व पोस्टिंग त्या महिन्यांत ठेवा. फेब्रुवारीत स्लाइडवर घोणस दाखवण्यापेक्षा जुलैत वॉर्डात सुजलेला पाय दाखवणं केव्हाही चांगलं. केंद्राने २०२४ च्या मार्चमध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं त्यात ठरवलंय. आपल्या भागातलं कॉलेज या विषयात पुढे नसेल तर कोण असणार?

सर्पदंश झाला की कीटकनाशकांची विषबाधा घ्या, मग उष्माघात. सगळा अभ्यासक्रम एका वर्षात जोडायला जाऊ नका. आपल्या जिल्ह्यातल्या पाच-सहा विषयांपासून सुरुवात केली की विभागांना गोडी लागते.

पायरी ५: लॉगबुक

क्षमताधारित अभ्यासक्रमाचं लॉगबुक उघडून पाहा. कॉम्पिटन्सीचा क्रमांक, कृतीचं नाव, तारीख, प्रयत्न पहिला की पुन्हा की रेमेडियल (राहिलेली उणीव भरून काढण्यासाठीचा), दर्जा अपेक्षेखाली, अपेक्षेइतका की अपेक्षेपेक्षा वर, शिक्षकाचा निर्णय, शिक्षकाची सही, आणि अभिप्राय मिळाल्याची विद्यार्थ्याची सही. कागदावरचं हे चांगलं डिझाइन आहे. घाईघाईने ॲप बनवणाऱ्यांनी यातले निम्मे रकाने उडवलेले असतात. विशेषतः अभिप्रायाचा.

मात्र कोडकडे लक्ष द्या. 'आर' म्हणजे पुन्हा आणि 'आर-ई' म्हणजे रेमेडियल. ही दोन्ही चिन्हं प्रयत्नाच्याही रकान्यात आहेत आणि निर्णयाच्याही. एका रकान्यात ती काय झालं ते सांगतात, दुसऱ्यात पुढे काय करायचं ते. संगणकात घेताना पूर्ण शब्द लिहा.

डिजिटल नोंदीसाठी आज एक्सएपीआय हे मानक चालतं. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या एडीएल उपक्रमातून ते आलं, २०१३ मध्ये पहिली पक्की आवृत्ती निघाली, २०२३ मध्ये ते आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचं मानक झालं. नावाला घाबरू नका. प्रत्येक नोंद म्हणजे एक वाक्य: कर्ता, क्रियापद, कर्म, आणि सोबत वेळ व निकाल. "विद्यार्थी २०२४-०४७ ने, देखरेखीखाली केलं, पीवाय ५.१२." तुमचं काम क्रियापदं ठरवण्याचं. पाहिलं, मदत केली, देखरेखीखाली केलं, स्वतंत्रपणे केलं, ही चार बहुतेक ठिकाणी पुरतात. नुसतं 'केलं' असं क्रियापद ठेवलं तर पुढे कोणाला प्रमाणपत्र द्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवता येणार नाही.

ग्रामीण आरोग्य प्रशिक्षण केंद्रात रेंज नसते, वीज जाते. तिथे ओडीके कलेक्टसारखं ॲप उपयोगी पडतं: नोंद फोनमध्ये राहते आणि नेटवर्क मिळालं की वर जाते. तेही जमत नसेल तर कागदावर घ्या आणि परत आल्यावर भरा, पण 'कृतीची तारीख' आणि 'भरल्याची तारीख' हे दोन रकाने वेगळे ठेवा. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एकदम भरलेली लॉगबुकं त्यातून आपोआप दिसतात. हे काहींना आवडणार नाही.

हजेरीही अशीच, ओळीगणिक. एमबीबीएसला थिअरीत ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के अशी अट असल्यामुळे दोन्ही एकाच आकड्यात मिसळू नका.

पायरी ६: एलएमएस, थोडक्यात

एलएमएस म्हणजे ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली. त्यातलं मूडल फुकट आहे, कॉलेजच्या सर्व्हरवर बसतं, आणि २०१६ पासून त्यात कॉम्पिटन्सी फ्रेमवर्कची सोय आहे. पायरी ३ मधलं शीट त्याच्या साच्यात बसवून सीएसव्हीतून थेट आत जातं. तयार ई-धडे विकत घेत असाल तर ते स्कॉर्म १.२ या ई-धड्यांच्या मानकात मागा, मूडल ते नीट चालवतं. स्कॉर्म धडा उघडला, संपवला, किती गुण पडले असंच मुख्यतः सांगतो; वॉर्डातलं काम त्याच्या कक्षेत येत नाही, त्यासाठी वरचं एक्सएपीआय. बाहेरचं एखादं सिम्युलेशन जोडायचं असेल तर एलटीआय १.३ (बाहेरचं साधन एलएमएसला जोडण्याचं मानक) आहे का विचारा, म्हणजे विद्यार्थ्याला वेगळा पासवर्ड लागत नाही आणि गुण परत येतात. एमसीक्यूंची बँक वर्डमध्ये ठेवू नका. प्रत्येक प्रश्नाला कॉम्पिटन्सीचा कोड लावा आणि मूडलच्या एक्सएमएलमध्ये किंवा क्यूटीआय या प्रश्नांच्या मानकात बाहेर काढता येईल अशी ठेवा.

व्हर्च्युअल पेशंटसाठीही (संगणकावरच्या सरावाच्या रुग्णासाठी) मेडबिक्विटसचं मानक आहे, २०१० चं. त्यात एक काम आपल्याला स्वतःच करावं लागेल. अखिल भारतीय कोट्यातल्या १५ टक्के जागांवर येणाऱ्या मुलांना मराठी येत नसतं, आणि पुण्या-मुंबईच्या मुलांनाही इथला रुग्ण चटकन कळत नाही. "पोटात मुरडा येतोय", "डोकं गरगरतंय", "हातपाय गळून गेलेत" अशी वाक्यं ओपीडीतून गोळा करा आणि प्रत्येकापुढे स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या जागतिक कोशातली संकल्पना लावा. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य असल्यामुळे ते आपल्याला मोफत वापरता येतं. पुण्यात सी-डॅकमधलं राष्ट्रीय केंद्र त्याचं काम पाहतं. "कसंतरीच होतंय" याला कोणता कोड लावायचा यावर मेडिसिन आणि सायकियाट्रीचं एकमत होणार नाही. चर्चा मात्र चांगली होते.

पायरी ७: खासगीपणा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. या कायद्याने १८ खालची व्यक्ती म्हणजे बालक. नीटला किमान वय १७ असल्यामुळे पहिल्या वर्षात अशी मुलं असतातच. शैक्षणिक कामासाठी काही सवलती आहेत, तरी प्रवेशाच्या फाइलीतच पालकांची संमती घेऊन ठेवा. कोणती माहिती कशासाठी घेतो हे मराठीत, एका पानात लिहा.

रुग्णाच्या केसवरून शिकवायचं साहित्य बनवताना नुसतं नाव खोडणं पुरत नाही. गाव, आडनाव, वय आणि आजार एकत्र आले की दोन हजार वस्तीच्या गावात माणूस लगेच ओळखू येतो. गावाच्या जागी जिल्हा, वयाच्या जागी वयोगट. आणि निकालाच्या, हजेरीच्या, अभिप्रायाच्या फाइली व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. नापास विद्यार्थ्याचं नाव रात्रीत त्याच्या गावी पोचतं.

पायरी ८: आता विक्रेत्याला बोलवा

इथपर्यंत आलात की डेमो वेगळा दिसतो. विक्रेत्याला त्याचा नमुना डेटा दाखवू देऊ नका. तुमची शीटं द्या आणि ती त्याच्यासमोर चढवायला सांगा. सगळा डेटा, जोडतक्त्यांसह, आम्ही स्वतः कधीही सीएसव्हीत काढू शकतो का? करार संपल्यावर किती दिवसांत आणि कोणत्या स्वरूपात परत देणार? कॉम्पिटन्सींच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी चालतात का? देवनागरीत नाव शोधता येतं का? एलटीआय, एक्सएपीआय यांची कोणती आवृत्ती? "पीडीएफ रिपोर्ट निघतो" हे डेटा परत देण्याचं उत्तर नव्हे. पीडीएफमधून माहिती बाहेर काढण्याचं काम तुम्ही पायरी ३ मध्ये करून बसला आहात.

ही उत्तरं तोंडी नकोत. निविदेच्या अटींतच घाला. खरेदी समितीतल्या लिपिक साहेबांना एक पान आधीच लिहून द्या. त्यांना तांत्रिक अटी कोणीतरी लिहून हव्याच असतात, नाहीतर विक्रेता त्याच्या सोयीच्या देतो.

पायरी ९: बदलीची तयारी

शासकीय कॉलेजात उन्हाळा आला की बदल्यांच्या चर्चा सुरू होतात. ज्याने हे सगळं उभं केलं तोच जातो आणि मागे 'फायनल_नवीन_२' नावाच्या फाइली उरतात. म्हणून पहिल्या दिवसापासून एक डेटा डिक्शनरी लिहा: प्रत्येक शीटमधल्या प्रत्येक रकान्याचं नाव, त्यात काय भरायचं, कोणती मूल्यं चालतात, कोण भरतं, कोणत्या मानकातून घेतलंय, शेवटचा बदल केव्हा आणि का. ती छापून डीन ऑफिसात आणि ग्रंथालयात ठेवा.

बॅकअपच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक कॉलेजच्या इमारतीबाहेर. दर सत्रात एकदा बॅकअपवरून सगळं दुसऱ्या संगणकावर परत उभं करून पाहा, आणि हे काम तुम्ही करू नका. तुमच्या जागी येऊ शकणाऱ्या माणसाला फक्त डिक्शनरी हातात देऊन करायला सांगा. तो जिथे अडेल तिथे डिक्शनरीत एक ओळ वाढवा.

सर्व्हर, मूडल, ओडीके, डोमेन यांची सगळी खाती कॉलेजच्या अधिकृत ईमेलवर काढा आणि पासवर्ड सीलबंद पाकिटात डीनकडे द्या. स्वतःच्या जीमेलवर आणि मोबाइल नंबरवर काहीही ठेवू नका, नाहीतर नांदेडहून जालन्याला गेल्यावरही दर परीक्षेच्या आधी ओटीपी विचारायला फोन तुम्हालाच येतील.